काळ्या पाषाणातील पांढरी अक्षरे



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे त्यांनी आपल्या पिढीला वाचायला शिकवले. त्यांच्या नावाने उभे राहून मी आज दगडावर बोलणार आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. माझा आयुष्यभराचा व्यवसाय मराठी साहित्याच्या अध्यापनाचा. ‘पाषाणहृदयी’, ‘काळ्या दगडावरची रेघ’ यांसारखे शब्दप्रयोग मी तीस-बत्तीस वर्षे वर्गात समजावून दिले आणि दगड म्हणजे जड, मुका व न बदलणारा पदार्थ असेच गृहीत धरून दिले. निवृत्तीनंतर भूविज्ञान शिकलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने रस्त्याकडेच्या खडीतील एक ताजा फुटलेला तुकडा आणि एक भिंग माझ्या हाती ठेवले व म्हणाला, “सर, वाचा.” त्या काळ्या पृष्ठभागावर मला बारीक, पांढुरक्या, लांबट रेघा दिसल्या, कोणी बोरूने आडव्यातिडव्या ओढाव्यात तशा. त्या रेघांचे नाव ‘प्लॅजिओक्लेज’. माझे आजचे विवेचन या एका खनिजाभोवती आणि त्याच्या नातलगांभोवती फिरणार आहे.

नावाची व्युत्पत्ती

भाषेचा विद्यार्थी प्रथम नावाकडे पाहतो. प्लॅजिओक्लेज हे ‘फेल्स्पार’ या मोठ्या खनिजकुळातील आहे. फेल्स्पार हा शब्द जर्मन भाषेतून आला. त्यातील पहिल्या पदाचा अर्थ शेत अथवा रान, दुसऱ्याचा पापुद्र्यांनी फुटणारे खनिज. म्हणजे ‘रानात सापडणारा, सपाट फुटणारा दगड’. शेतकऱ्याच्या नजरेतून पडलेले हे नाव आहे. प्लॅजिओक्लेज हे नाव मात्र पंडिताने दिले. १८४७ साली ब्राइटहाउप्ट या जर्मन खनिजविदाने ग्रीक शब्दांवरून ते घडविले. त्याचा अर्थ ‘तिरकस फुटणारा’.

खनिज ठराविक सपाट प्रतलांवर फुटते, या गुणास आपल्या परिभाषेत ‘पाटन’ म्हणतात. फेल्स्पार दोन दिशांनी फुटतो. या कुळातील ‘ऑर्थोक्लेज’ नावाच्या भावाच्या दोन पाटनांत बरोबर काटकोन असतो; प्लॅजिओक्लेजमध्ये तोच कोन सुमारे ८६ अंशांचा भरतो. अवघ्या चार अंशांचा हा तिरकेपणा. पण तेवढ्यावर जुन्या खनिजविदांनी दोन भाऊ वेगळे ओळखले. वस्तू कशी फुटते यावरून तिचा स्वभाव कळतो, हे तत्त्व मला फार अर्थपूर्ण वाटते आणि पुढच्या विवेचनात ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

रचनेच्या दृष्टीने पाहू गेल्यास फेल्स्पार म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिना यांची त्रिमितीय जाळी होय. त्या जाळीच्या पोकळ्यांत पोटॅशियम बसले तर ऑर्थोक्लेज व त्याचे जवळचे भाऊबंद होतात. सोडियम आणि कॅल्शियम बसले तर प्लॅजिओक्लेज होतो. निव्वळ सोडियमच्या टोकास ‘अल्बाइट’ व निव्वळ कॅल्शियमच्या टोकास ‘अनॉर्थाइट’ म्हणतात, आणि या दोन टोकांच्या दरम्यान त्यांचे हवे त्या प्रमाणातील मिश्रण निसर्गात आढळते. आपल्या काळ्या दगडातील प्लॅजिओक्लेज बहुधा मधल्या, कॅल्शियमकडे झुकणाऱ्या प्रकाराचा, म्हणजे ‘लॅब्रॅडोराइट’ असतो. भूकवचाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या फेल्स्पार कुळाने व्यापलेला आहे. इतकी सर्वत्र पसरलेली वस्तू आपणास नावानेही ठाऊक नसावी, हे आपल्या शिक्षणाचे न्यून म्हटले पाहिजे.

सीमेवरचा दगड

आपण सीमाभागातील माणसे. १९५६ साली आखल्या गेलेल्या एका रेषेने आपल्या जीवनावर किती खोल ठसा उमटविला, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. पण आपल्या पायांखाली त्याहून पुष्कळ जुनी दुसरी एक सीमा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्ह्याचे लोट बाहेर पडले आणि एकावर एक थर साचत गेले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी झाकलेला आहे. यालाच ‘दक्खन ट्रॅप’ म्हणतात; ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, कारण या थरांमुळे डोंगरांना पायऱ्यांसारखे टप्पे पडतात. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. दक्षिणेकडे येताना ती कमी होत जाते आणि बेळगावच्या परिसरात हा अग्निज प्रदेश संपू लागतो. उचगाव या काळ्या दगडाच्या दक्षिण काठावर वसलेले आहे.

काठ म्हटल्यावर पलीकडे काय, हा प्रश्न येतोच. पूर्वेस गोकाकला जा. घटप्रभेचा धबधबा जेथे सुमारे ५२ मीटर खाली झेपावतो तेथील खडक वालुकाश्म आहे. ट्रॅपहून कितीतरी पुरातन. आणखी पूर्वेस इलकलला जा. आपल्या आया-आज्यांनी जेथील लुगडी नेसली त्याच इलकलचा गुलाबी ग्रॅनाइट आज घराघरांच्या फरशीत दिसतो. तो गुलाबी रंग मुख्यत्वे पोटॅशियमयुक्त फेल्स्पारचा असतो. उलट स्वयंपाकघरातील ओट्यावर बसविलेला ‘काळा ग्रॅनाइट’ शास्त्रदृष्ट्या बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा, म्हणजे प्लॅजिओक्लेजने भरलेला, आपल्या काळ्या दगडाचा सख्खा नातलग असतो. बाजारातील नाव आणि वस्तूचे कूळ यांची अशी फारकत भाषेच्या अभ्यासकास नवी नाही.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. भूवैज्ञानिकांनी दक्खनच्या लाव्हा थरांचे रासायनिक गुणांवरून गट पाडले आणि त्यांना गावांची व गडांची नावे दिली. महाबळेश्वर, पन्हाळा अशी ती नावे आहेत, आणि त्या मालिकेच्या माथ्यावरील गटाचे नाव आहे ‘देसूर’. खानापूरकडे जाताना बेळगावनंतर लागणारे आपले देसूर. जगभरच्या शोधनिबंधांत हे नाव छापले जाते आणि त्या स्टेशनवरून रोज जाणाऱ्या आपणास त्याची वार्ता नसते.

स्फटिक कसा वाढतो

हा दगड बव्हंशी दोन खनिजांचा बनलेला आहे: पांढुरका प्लॅजिओक्लेज आणि गडद पायरोक्सीन. शिवाय लोहयुक्त काळे कण असतात. वितळलेला रस थंड होऊ लागला की आधी कॅल्शियमबहुल प्लॅजिओक्लेज जमतो, मग जसजशी उष्णता उतरते तसतसे त्यात सोडियमचे प्रमाण वाढत जाते. हा क्रम एन. एल. बोवेन यांनी १९१३ साली प्रयोगशाळेतील भट्टीत सिद्ध करून दाखविला. थंड होण्याची क्रिया भराभर झाली तर एकाच स्फटिकात आतून बाहेर निरनिराळ्या घटकांची वलये राहून जातात. झाडाच्या खोडावरून जसे त्याचे आयुष्य वाचावे, तसे त्या वलयांवरून रसाच्या थंड होण्याचा इतिहास वाचता येतो.

बहुतेक ठिकाणी हे स्फटिक डोळ्यांना जेमतेम दिसतात, कारण लाव्हा लवकर थिजला. पण कसारा-इगतपुरीकडच्या घाटात आणि जुन्नरच्या बाजूस काही थरांत प्लॅजिओक्लेजचे स्फटिक कित्येक सेंटिमीटर लांबीचे आढळतात. रस जमिनीखाली दीर्घकाळ साठून राहिला आणि स्फटिकांना वाढण्यास सवड मिळाली, याची ती साक्ष होय.

हाच स्फटिक घड्याळाचेही काम करतो. त्यात अल्प प्रमाणात पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सर्गी प्रकार अतिशय मंदगतीने क्षय पावतो आणि त्यातून आर्गॉन वायू निर्माण होऊन स्फटिकाच्या जाळीत अडकून राहतो. तो वायू मोजला की स्फटिक किती काळापूर्वी थिजला ते कळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनात दक्खनच्या थरांतील प्लॅजिओक्लेज वेचून असेच कालमापन करण्यात आले. डायनोसॉरांच्या विनाशाशी या उद्रेकांचा संबंध किती, या जागतिक वादातील एक मुख्य साक्षीदार म्हणजे आपल्या खडीतील ही पांढरी रेघ आहे.

झिजणे आणि उपजणे

आता मी ज्या गैरसमजुतीत आयुष्य घालविले तिच्याकडे वळतो. दगड बदलत नाही, हे खरे नव्हे. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते. ते पाणी फेल्स्पारच्या जाळीत शिरले की पोकळ्यांतील सोडियम, कॅल्शियम हळूहळू विरघळून निघून जातात आणि उरलेल्या सिलिका व ॲल्युमिना यांची चिकणमाती होते. आपण ज्याला मुरूम म्हणतो तो या स्थित्यंतराच्या अर्ध्या वाटेवरचा दगड होय.

पुढची वाट पावसावर ठरते. निपाणीच्या बाजूस, जेथे पाऊस बेताचा, तेथे धुपून जाणे अपुरे राहते आणि काळी कसदार जमीन तयार होते. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणूनच त्या जमिनीला वैशाखात हातभर भेगा पडतात. दगडातून सुटलेल्या कॅल्शियमपैकी काही अशा जमिनीतच चुनखडीच्या गाठोळ्यांच्या रूपाने साठतो. घाटमाथ्याकडे, जेथे पाऊस अतोनात, तेथे सिलिकासुद्धा वाहून जाते. लोह व ॲल्युमिनियम मागे राहतात आणि जांभा तयार होतो. त्यात ॲल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले की त्याला बॉक्साइट म्हणतात. चंदगड व राधानगरी तालुक्यांतील बॉक्साइट आणि १९७० च्या सुमारास बेळगावात उभा राहिलेला ॲल्युमिना कारखाना यांचे मूळ येथे आहे. घरातील ॲल्युमिनियमच्या पातेल्यातला धातू एके काळी मुख्यतः प्लॅजिओक्लेजच्या जाळीत अडकलेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

या उलट गोकाकचा वालुकाश्म पाहा. तो बहुतेक सगळा क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या कणांचा आहे. ज्या मूळ खडकांतून ती वाळू आली त्यांत फेल्स्पारही होता. पण वाहण्याच्या व झिजण्याच्या प्रवासात तो माती होऊन गेला आणि हट्टी गार तेवढी उरली. गार टिकते, पण तिच्यातून पीक येत नाही. फेल्स्पार मोडतो, आणि त्याच्या मोडण्यातून भाताचे वाफे, खानापूरची कौले व कुंभाराचे मडके उपजते. टिकण्यालाच आपण श्रेष्ठ मानतो. निसर्गाचा हिशेब निराळा आहे.

या कुळाची आणखी एक शाखा सांगितली पाहिजे. लाव्ह्यातील वायूंचे बुडबुडे निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांत नंतर पाणी झिरपले आणि तेथे ‘झिओलाइट’ नावाची सुंदर खनिजे वाढली. तीही सिलिका-ॲल्युमिनाची जाळीच. मात्र तिच्यात पाणी वस्तीला असते. तापविल्यावर ते उकळून बाहेर पडते, म्हणून क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले. पुणे, नाशिक, जळगाव भागांतील झिओलाइटचे नमुने आज जगातील मोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. विहीर खणताना निघालेले असे गुच्छ आपण मात्र बांधावर टाकून देत आलो.

माणसाच्या हातातील दगड

दगड वाचणारा आणि माणसाचा इतिहास वाचणारा यांत एके काळी भेद नव्हता. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकारी. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना पुराश्मयुगीन हत्यार मिळाले आणि भारताच्या प्रागितिहासाचा आरंभ झाला. त्याच फूटांनी ‘दक्षिण मराठा प्रदेशा’च्या भूरचनेवर लिहिलेला प्रबंध १८७६ साली प्रसिद्ध झाला. तो प्रदेश म्हणजे आपलाच मुलूख.

आदिमानवाने दगड पारखून निवडला. मलप्रभेच्या खोऱ्यात, ज्याचा अभ्यास रा. वि. जोशी यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात केला, हत्यारे प्रामुख्याने क्वार्टझाइटची आहेत. कारण तेथे वालुकाश्माच्या कुळातील खडक हाताशी होता. ट्रॅपच्या मुलखात तो नाही. तेथे प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कोर्विनुस यांनी केलेल्या उत्खननात डोलेराइटची व घट्ट बेसाल्टची हत्यारे मोठ्या प्रमाणावर मिळाली. डोलेराइट म्हणजे भेगांत शिरून सावकाश थिजलेला रस. त्यात प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या व पायरोक्सीन एकमेकांत गुंफलेले असतात आणि त्या गुंफणीमुळे तो चिवट होतो. पुढे नेवाशाच्याच ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी याच दगडाच्या मिळाल्या. भूविज्ञानाचे नाव ठाऊक नसलेल्या त्या माणसाच्या तळहाताला हे ज्ञान होते.

आजचा संशोधक तेच ज्ञान निराळ्या रीतीने मिळवितो. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून ती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली की प्लॅजिओक्लेजमध्ये काळ्या-पांढऱ्या समांतर पट्ट्या दिसतात. एकमेकांस चिकटून वाढलेल्या जुळ्या स्फटिकांच्या त्या खुणा. त्या पट्ट्या, स्फटिकांचे आकार व घटकांचे प्रमाण यांवरून एखादी कुऱ्हाड, जाते वा मूर्ती कोणत्या खाणीच्या दगडाची असावी याचा माग काढता येतो. म्हणजे व्यापाराच्या वाटा कळतात. फेल्स्पारचा आणखी एक उपयोग आहे. उन्हात असताना त्याच्या कणांत साठलेली ऊर्जा रिकामी होते आणि मातीखाली गाडला गेल्यावर ती पुन्हा साचू लागते. अवरक्त किरणांनी तिला प्रकाशरूपाने बाहेर काढून मोजले की कण किती काळ अंधारात होता ते समजते. तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथील हत्यारांच्या एका थराचे वय या रीतीने सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षे ठरले. ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या परिसरातही वाचण्यासारखे पुष्कळ आहे. बेळगावच्या वडगाव-माधवपूर येथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने उत्खनन करून सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. वाजपेय यज्ञाचा उल्लेख असलेला तेथील प्राकृत शिलालेख अभ्यासकांना सुपरिचित आहे.

लोणार आणि चंद्र

फुटण्यावरून स्वभाव कळतो, असे मी आरंभी म्हटले. विदर्भातील लोणारचे सरोवर हा त्याचा विलक्षण दाखला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. लवणासुराच्या वधाची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. ते ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, याविषयी दीर्घकाळ मतभेद होता. १९७३ साली फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खडकांत ‘मॅस्केलिनाइट’ दाखविला. मॅस्केलिनाइट म्हणजे प्रचंड आघाताने, बाह्य आकार कायम ठेवून काच बनलेला प्लॅजिओक्लेज. असा आघात ज्वालामुखी करू शकत नाही. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत हा पदार्थ प्रथम ओळखला गेला होता. लोणारचा निर्णय अशा रीतीने आपल्या पांढऱ्या रेघेने दिला.

आणि चंद्राकडे पाहा. त्याचा जो उजळ भाग आपणास दिसतो तो प्रामुख्याने कॅल्शियमबहुल प्लॅजिओक्लेजच्या खडकाचा आहे. आरंभी वितळलेल्या चंद्रावर हे हलके स्फटिक सायीसारखे वर तरंगून आले, असे शास्त्रज्ञ मानतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चंद्रयान-३ च्या उपकरणाने दक्षिण ध्रुवाकडील मातीची जी तपासणी केली, तिचे २०२४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या उपपत्तीस बळ देणारे ठरले. जात्यावर दळणाऱ्या आमच्या आज्या चंद्राला मामा म्हणत आल्या; त्यांच्या हाताखालच्या काळ्या दगडाचे त्याच्याशी खरोखरीच नाते आहे.

आपले कर्तव्य

मित्रहो, हे सारे सांगण्यामागे एक दुःख आहे. काही वर्षांपूर्वी एका खेडेगावात मी एक वीरगळ पाहिला होता. त्याच्या पट्टीवर चार-पाच अक्षरे लागत होती. पुन्हा गेलो तेव्हा भाविकांनी तो सद्भावनेने चकचकीत करून वर जाड तैलरंग चढविला होता. अक्षरे गेली होती. कोणाच्या मनात वाईट नव्हते. त्या दगडावर काही लिहिलेले आहे एवढेच कोणास ठाऊक नव्हते. शतकानुशतके पाऊस खाल्लेल्या दगडाचा वरचा थर, तेथील फेल्स्पार मऊ झाल्यामुळे, दुबळा झालेला असतो. त्यावर वाळूचा मारा केला किंवा तो यंत्राने घासला तर धूळ जाते आणि तिच्याबरोबर कोरीव कामही जाते. रंगाच्या पापुद्र्यामागे अडकलेला ओलावा उरलेले काम करतो. लहानपणी जात्याला टाकी लावणारी बाई दारावर येई. आज ती जातीही अंगणाच्या फरशीखाली गाडली जात आहेत. खाणी वाढल्या, कोणता दगड कोठून निघाला हे सांगणाऱ्या जुन्या खाणीही त्यांत नाहीशा होत आहेत.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली, या शाळेत एक काचेचे कपाट असावे. त्यात उचगावचा काळा दगड, घाटमाथ्याचा जांभा, गोकाकचा वालुकाश्म, इलकलचा ग्रॅनाइट आणि एखादा झिओलाइट, प्रत्येकाखाली गाव व तारीख लिहून, ठेवलेला असावा, आणि शेजारी एक भिंग. ज्या नमुन्याचे गाव ठाऊक नाही तो निव्वळ दगड. गाव लिहिले की तो पुरावा होतो. दुसरी, माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचे वीरगळ, सतीशिळा, जुन्या विहिरींचे व देवळांचे दगड यांची छायाचित्रांसह नोंद करावी. तिसरी, जीर्णोद्धार करताना जुन्या दगडाला रंग किंवा यंत्र लावण्यापूर्वी पुरातत्त्वाच्या जाणकाराला विचारावे. तोवर मऊ कुंचल्याने धूळ झटकण्यापलीकडे काही करू नये.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. देवपण आलेल्या दगडालाही जपावे लागते, एवढे मी त्याला जोडू इच्छितो. गुरुजींनी आपणास पुस्तकातील अक्षरे दाखविली. पायाखालची अक्षरे अजून वाचायची राहिली आहेत. उद्या शाळेतून घरी जाताना प्रत्येक विद्यार्थ्याने खडीचा एक ताजा फुटलेला तुकडा उचलून उन्हात तिरका धरावा. पांढरी रेघ चमकेल. तेथून वाचनाला आरंभ करावा.